पाणी निघतं तिथून

“पाणी अडलं, तर जिथून निघतं तिथून शोधायला लागायचं. जिथं पोचलं न्हाई तिथून न्हवं. ध्यानात ठेव की, महानंदा.”

हे असं सांगायचे तेव्हा यांचं डोकं घरगाडीतल्या बाकड्याखाली असायचं, पाय दाराबाहेर, आणि टॉर्च माझ्या हातात. मी “व्हय” म्हणायची. पण खरं सांगते, माझं निम्मं लक्ष घरात चुलीवर ठेवलेल्या दुधाकडं असायचं. नळाचं काम आपण कधी करणार आहोत, असंच वाटायचं.

घरगाडी हा शब्द यांचाच. दुसऱ्या गाडीच्या मागं जोडून ओढत न्यायची खोली म्हणा ना. कुठल्याशा रस्त्याच्या कामावर साहेबांना राहायला म्हणून बनवलेली ती खोली भंगारात निघाली होती. हे कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि तीन महिन्यांत ही खोली आमच्या होटगी रस्त्याच्या घरामागं, आडाशेजारी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, “हे काय आणलंत?” तर म्हणाले, “तुझं पाणी आणलंय.”

ते असं. मी एकोणीस वर्षांची असताना आमच्या गुरूंनी मला नेम दिला. सकाळी अंघोळ करून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आणि अंघोळीचं, पूजेचं पाणी आपल्या आडातलं, आपल्या हातानं शेंदलेलं, आपल्या हातानं गाळलेलं. आजवर तो मोडलेला नाही. पण त्यामुळं मी कुठं गेलेही नाही. लग्नाला गेले तर संध्याकाळच्या गाडीनं परत. माहेरच्या मुक्कामालासुद्धा घागर बरोबर. लोक हसायचे, हे कधी हसले नाहीत.

माझ्या नणंदबाई इरम्मा मंद्रूपला असतात. यांच्या थोरल्या बहीण, त्यांना मी अक्का म्हणते. अक्कांचा नेम माझ्याहून कडक. पाणी नुसतं आपलं असून भागत नाही. अंगावर घ्यायचं ते स्वतःच्याच हातानं घ्यायचं, दुसऱ्यानं ओतलेलं चालत नाही. लहानपणी त्यांचे वडील दर उगादीला, म्हणजे पाडव्याला, कावड घेऊन श्रीशैलला पायी जायचे, तेव्हा ही पोर वेशीपर्यंत त्यांच्यामागं धावायची आणि वेशीवरून परत यायची. आता वय शहात्तर. अजून श्रीशैलच्या वाटेवरची ती वेस काही ओलांडली नाही. आणि आता हात थरथरतात, तांब्या उचलला तर निम्मा जमिनीवर.

म्हणून ही घरगाडी. पलंगाखाली दोनशे लिटरची टाकी, बाकड्याखाली बॅटरीवर चालणारा लहानसा पंप, कोपऱ्यात न्हाणी आणि तिथं बसायला दगडी नव्हे तर लाकडी चौरंग. न्हाणीतल्या तोटीची दांडी यांनी मुद्दाम वीतभर लांब करून घेतली होती. थरथरत्या हाताचा नुसता धक्का लागला तरी पाणी सुरू व्हावं. अक्कांना म्हणाले होते, “तुझं पानी न मोडता तुला श्रीशैलला नेतो. शब्द हाय माजा.”

तो शब्द तसाच राहिला. दोन वर्षांपूर्वी माघात हे गेले, लिंगैक्य झाले.

यांना एक खोड होती. पाइप दिसता कामा नये. सगळे नळ, सगळे कॉक प्लायवूडच्या मागं. पट्टी दाबली की दार उघडतं, पण दार आहे हेच दिसत नाही. मी म्हणायची, “अहो, उद्या काही बिघडलं तर?” तर म्हणायचे, “मानसाचं काळीज कुटं दिसतं? चालतंच की.” नकाशा काढला नाही. मला पंप माहीत होता आणि टाकी रिकामी करायचा, जमिनीलगतचा कॉक माहीत होता. बाकीचं यांच्या डोक्यात.

पण जे माहीत होतं त्याचा मी नेम केला. दर सोमवारी पूजा झाली की घरगाडीत जायचं, टाकीत बादलीभर पाणी घालायचं, दोन मिनिटं पंप चालवायचा, सगळ्या तोट्या सोडायच्या. पंपाआधीची छोटी जाळी काढून धुवायची. आमच्याकडच्या पाण्याला क्षार फार, जाळी पांढरी होते. ती लिंबाच्या पाण्यात ठेवायची. मग खालच्या कॉकनं टाकी रिकामी करायची, कारण साचलेलं पाणी वास धरतं. असे दोन वर्षांचे सोमवार. माझी मुलगी शिवलीला म्हणाली, “आई, तू या गाडीचीपण पूजाच करतेस.” ती जनावरांची डॉक्टर. खेड्यापाड्यांतून जीप चालवायची सवय आहे. यंदा तीच म्हणाली, “पाच दिवस रजा टाकते. बाबांचा शब्द आपण पुरा करू. मी ओढते घरगाडी.”

मंगळवारी सकाळी निघायचं ठरलं.

रविवारी मी टाकी भरायला घेतली. एरवीचं बादलीभर पाणी नळाचं असायचं. हे मात्र नेमाचं पाणी. गाडीच्या अंगाला बाहेरून पाणी ओतायचं तोंड आहे, मूठ जाईल एवढं रुंद. माझ्या बादलीतलं सांडू नये म्हणून यांनीच रुंद करून घेतलेलं. त्या तोंडावर मी माझं गाळायचं मलमलचं फडकं दोऱ्यानं बांधलं आणि आडातून एकेक बादली शेंदून ओतत राहिले. ओठांवर “ओम नमः शिवाय”, डोळे मिटलेले. उन्हं वर येईपर्यंत टाकी भरली, नामाच्या तंद्रीतच मी झाकण लावलं. हात भरून आले होते, पण मन कसं हलकं झालं होतं.

दुपारी सगळं झाल्यावर फडकं सापडेना. दोरीवर नाही, आडाच्या काठावर नाही. वाऱ्यानं नेलं असेल, म्हणून मी नवं काढलं.

मग पंप लावून पाहिला. न्हाणीच्या तोटीतून झकास पाणी आलं. अर्धी बादली भरली असेल नसेल, धार बारीक झाली, तोटी फुस्स करायला लागली आणि पाणी बंद. पंप मात्र घरघरतोय.

मी बंद करून पुन्हा लावला. पुन्हा घरघर. पंपाची जाळी काढली, ती स्वच्छ. मी कुर्डुवाडीला फोन केला.

महिपती यांच्याबरोबर कारखान्यात होते. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते यांना अण्णा म्हणायचे. हा पंपसुद्धा त्यांनीच पुण्याहून निवडून आणला होता. सोमवारी सकाळच्या गाडीनं ते हत्यारांची पिशवी घेऊन हजर. घरगाडीत पाय ठेवला आणि म्हणाले, “वहिनी, अण्णानं पाइप कुटं पुरल्यात वो? सोनं पुरल्यावानी काम हाय ह्ये.”

“मला दोनच जागा माहीत आहेत, भाऊजी.”

“मग वाजवून बघू की.” त्यांनी पिशवीतून छोटी हातोडी काढली. “कारखान्यात आमी चाकं वाजवून बघायचो. ठणठणीत वाजलं तर चाक चांगलं, बद्द वाजलं तर तडा. हितं उलटं. बद्द वाजलं म्हंजी मागं लाकूड. पोकळ वाजलं म्हंजी मागं अण्णा.”

मला हसू आलं. यांच्या नावानं हसायला किती दिवसांनी कुणी लावलं.

त्यांनी तोटीपासून सुरुवात केली. न्हाणीच्या तोटीचं तोंड उघडलं, क्षार खरवडला. मग भिंतीवर टक टक करत चालले. आरशाच्या खाली आवाज पोकळ आला. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं तर पट्टी सुटली आणि आत ओळंब्याच्या दोऱ्यासारखा सरळ पाइप, त्यावर पितळी कॉक. पुढं भांड्यांच्या कप्प्यामागं आणखी एक दार सापडलं. तो कप्पा मी दोन वर्षं दर सोमवारी उघडत होते. त्यात पाणी उलटं फिरू नये म्हणून बसवलेला झडपेचा तुकडा होता आणि त्याच्या शेजारी दोऱ्यानं टांगलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत दोन नवे वॉशर, पांढऱ्या टेपची गुंडाळी आणि बोटाएवढा एक पाना.

भाऊजींनी पिशवी हातात घेतली. त्यातला एक वॉशर अंगठ्यावर फिरवला. मग म्हणाले, “जागच्या जागी वॉशर ठिवून गेलाय बघा. म्हंजी कोन तरी उघडंल, ह्ये म्हाईत हुतं त्याला.”

मी बाहेर जाऊन चहा टाकला.

दुपारपर्यंत त्यांनी अशी चार दारं शोधून उघडली, प्रत्येकामागं तशीच पिशवी. कॉक चांगले, झडप चांगली, सांधे कोरडे. पंप काढून टेबलावर ठेवला, उघडला, पुसला, परत बसवला. तीच घरघर. आता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत चाललं होतं. एकदा पलंगाकडं बघून म्हणाले, “वहिनी, टाकी उघडून बघू का जरा?”

“नको भाऊजी,” मी म्हटलं. “ते पूजेचं पाणी आहे. मी स्वतः शेंदून, गाळून, नाम घेत भरलंय. त्यात काही असणंच शक्य नाही.”

मी हे हळूच म्हटलं. मी मोठ्यानं बोलत नाही कधी. पण त्यांनी तव्याला हात लागल्यासारखा हात मागं घेतला. “बरं बरं. तुमी म्हंता तर न्हाईच.”

शेवटी पाना पिशवीत टाकत म्हणाले, “पंपच गेलाय. मीच निवडल्याला. अण्णा म्हनत हुता दुसरा घे, तरी म्या ह्योच घेतला. नवा पुन्याहून मागवावा लागंल. तीन दिस तरी जातील.”

तीन दिवस गेले की शिवलीलेची निम्मी रजा गेली. मग श्रीशैल नाही.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. शिवलीला मंद्रूपहून अक्कांना घेऊन आली होती. अक्कांच्या मांडीवर त्यांचा तांब्या, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, करडगी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ठसठशीत. मंद्रूपच्या घरात कानडी, बाजारात मराठी, त्यामुळं अक्कांच्या बोलण्यात दोन्ही एका ताटात वाढलेलं असतं. कडुनिंबाखाली खुर्ची टाकली. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, “काय गं, नीरु?”

पाण्याचं विचारत होत्या. मी मान खाली घातली. शिवलीलेनं सगळं सांगितलं आणि घाईघाईनं पुढं म्हणाली, “पण आत्या, काही अडत नाही. आपण घागरी भरून घेऊ. मी तुम्हांला तांब्या तांब्या ओतीन. मी तुमचीच की.”

“बेडा,” अक्का म्हणाल्या. नको.

“आत्या, एवढं काय...”

“तू माजीच हाईस बाई. पर हात तुजा. साठ वर्सं मी कुनाच्या हातचं पानी अंगावर घेतलं न्हाई. आजारपनात सुनंला न्हानीतून भाईर काढलं म्या. आता देवाच्या दारात जाताना नेम मोडून जाऊ? मग देवाला काय दावू, मोडल्याला नेम?”

अक्कांनी तांब्या या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. हात थरथरत होते आणि तांब्याचं झाकण किणकिणत होतं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “विरुपाचा शब्द हुता. त्यो गेला, शब्दबी गेला म्हनायचं. रागावले न्हाई मी कुनावर. चहा पिऊन घे शिवलीला, मग सोड मला मंद्रूपला. ऊन उतरंस्तवर पोचू.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी नेऊ, असं म्हणायला माझी जीभ उचलेना. त्यांचे पाय सुजलेले मला दिसत होते. पुढचं वर्ष कुणी बघितलंय.

महिपती भाऊजी आपली पिशवी घेऊन ओट्यावर एका बाजूला बसले होते, परक्या लग्नात बसावं तसे.

जाण्याआधी अक्कांना दुपारची पूजा करायची होती. त्यांना पाणी काढून द्यावं म्हणून मी नवं फडकं घेऊन आडावर गेले. नवं फडकं खळीचं, त्यातून पाणी उतरेना. जुन्याची आठवण झाली. धुऊन धुऊन ते असं मऊ झालं होतं की मुठीत धरलं तर आहे की नाही कळायचं नाही. बादली ठेवायला वळले आणि घरगाडीच्या अंगाला पाणी ओतायचं ते तोंड समोर आलं.

झाकणाच्या खालून पांढरा दोरा लोंबत होता.

मी झाकण काढलं. तोंडाभोवती माझ्याच हाताची गाठ तशीच होती. सैल, पण सुटलेली नव्हती. दोरा होता आणि फडकं नव्हतं. वाऱ्यानं फडकं नेलं असतं, तर ते दोरा सोडून कसं गेलं असतं?

पाणी अडलं, तर जिथून निघतं तिथून.

यांचा आवाज मला कानात नाही ऐकू आला, खोटं कशाला सांगू. पण बाकड्याखालून बाहेर आलेले पाय दिसले. पाणी निघतं टाकीतून. आणि सकाळपासून तेवढीच एक जागा आम्ही उघडली नव्हती, कारण मी उघडू दिली नव्हती.

बाहेर कुणाला काही न सांगता मी आत गेले. आधी हात खांद्यापर्यंत आडाच्या पाण्यानं धुतले. गादी गुंडाळली, फळी उचलली. टाकीचं गोल झाकण दोन्ही हातांनी फिरवलं. आत काळं, गार, शांत पाणी. पदर खोचून मी हात आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, इतका की गाल टाकीला टेकला. तळाशी, जिथून पाइप निघतो त्या तोंडाशी, बोटांना मऊ काहीतरी लागलं. ओढलं तर सुटेना. भोकात बोळ्यासारखं घुसून बसलं होतं. मी बोटानं कडेकडेनं सोडवत आणलं आणि ते वर आलं.

माझंच फडकं.

शेवटच्या कुठल्यातरी बादलीच्या भारानं ते दोऱ्यातून निसटून आत गेलं असणार, आणि मी डोळे मिटून वरून ओतत राहिले असणार. उघड्या डोळ्यांनी ओतलं असतं, तर दिसलं असतं की.

मी टाकीला टेकून तशीच बसले. फडक्यातलं पाणी मांडीवर गळत होतं. मग उठून पंपाचं बटण दाबलं. दोन क्षण घरघर, मग आवाज भरीव झाला आणि न्हाणीच्या तोटीतून हवा, मग थेंब, मग धार. मी लगेच बंद केलं.

आता सांगायचं ते सांगते. मी ते फडकं पिळलं आणि पदराखाली धरलं. बाहेर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, “देवाची कृपा झाली, पाणी आलं.” कुणी काही विचारलं नसतं. अक्कांनी हात जोडले असते. शिवलीलेनं मला मिठी मारली असती. माझ्या नेमाचं, माझ्या गाळलेल्या पाण्याचं नाव तसंच राहिलं असतं.

आणि महिपती भाऊजी आपण निवडलेला पंप वाईट, मित्राचं ऐकलं नाही, हे मनात घेऊन संध्याकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला गेले असते. जन्मभर तेच धरून बसले असते. त्या माणसाला मी सकाळी काय सांगितलं होतं? त्यात काही असणंच शक्य नाही.

मी बाहेर आले. ओट्यावर त्यांच्यासमोर पदराखालचं फडकं ठेवलं.

“भाऊजी, तुमचा पंप चांगला आहे. हे टाकीच्या तोंडात होतं. माझं फडकं. मी तुम्हांला टाकी उघडू दिली नाही, माझी चूक झाली.”

त्यांनी फडक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग हातोडी उचलून ओट्यावरच टक टक वाजवली. “बद्द वाजतंय बघा. म्हंजी मागं वहिनी.”

शिवलीला आधी हसली. मग भाऊजी हसले, डोळे पुसत पुसत. मला रडू आलं की हसू, माझं मलाच कळलं नाही.

अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी खुर्चीपाशी खाली बसले. वाटलं, आता विचारणार, टाकीत कुणाचा हात गेला. मीच म्हटलं, “अक्का, हात माझाच होता. धुऊन घातला. पण पाणी आता तुम्हांला चालणार नसेल तर सगळं सोडून देते, उद्यापर्यंत पुन्हा भरते.”

त्यांनी ओलं फडकं हातात घेतलं, चाचपलं. म्हणाल्या, “माज्या भावानं पाइप लपवलं. तू त्याच्यावरची निगालीस, पानीच लपवलंस.” मग फडकं मला परत देत, “मगाशी भाईर येताना पदराखाली काय धरलं हुतंस त्ये मला दिसलं हुतं. म्हटलं बघू, काय करतीय.”

माझी मान खाली गेली ती वर येईना.

“पानी चालतंय. तुज्या हातचं भरल्यालं, तुज्याच हातानं मोकळं केल्यालं. आता बघू दे मला.”

शिवलीलेनं एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना दोन पायऱ्या चढवल्या. न्हाणीच्या दारात त्यांनी आमचे हात सोडवले. “भाईर थांबा.” चौरंगावर बसताना लाकूड करकरलं. आम्ही दाराबाहेर उभ्या. मग लांब दांडीवर थरथरता हात आपटल्याचा आवाज, एकदा चुकलेला, दुसऱ्यांदा बसलेला.

“नीरु बंतु,” आतून आवाज आला. पाणी आलं. आणि मग तांब्या नाही, ओतणारं कुणी नाही, नुसती धार पडत राहिली. धारेच्या आवाजात अक्का काहीतरी पुटपुटत होत्या. नामच असेल. यांचं नावही असेल त्यात.

भाऊजी संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना त्यांनी चारही लपलेल्या दारांवर खडूनं बारीक फुली मारून दिली. मी म्हटलं, “यांना आवडलं नसतं.” तर म्हणाले, “नको आवडू दे. रस्त्यात अण्णा न्हाई, फुली हाय.” दारांच्या मागच्या पिशव्या आम्ही जागच्या जागी ठेवल्या. त्यांनी स्वतःचे दोन वॉशर त्यात वाढवले.

मंगळवारी सूर्य उगवायच्या आत माझी पूजा झाली. आदल्या दिवशी टाकीतलं कमी झालेलं पाणी मी पुन्हा भरलं होतं, पण या वेळी आधी घागरीत गाळून, फडकं दोरीवर वाळत टाकून, आणि मग ओतून. डोळे उघडे ठेवून. नाम तेच.

अक्का जीपमध्ये पुढं बसल्या. चालत्या घरगाडीत कुणी बसायचं नाही, हा यांचा नियम. शिवलीलेनं जोडकडी लावली, साखळी लावली. मी टॉर्च घेऊन एकटीच आत गेले आणि टाकीपासून सुरुवात केली. टाकीचं झाकण घट्ट. पाइपाचं तोंड मोकळं. पंपाची जाळी स्वच्छ. कप्प्यामागची फुली, आतला सांधा कोरडा. आरशाखालची फुली, कॉक सरळ. शेवटी न्हाणी. लांब दांडीला बोट लावलं, धार आली, बंद केली.

पूर्वेला कडुनिंबामागं उजाडत होतं. अक्कांनी काचेतून मला बघितलं, पण काही विचारलं नाही. मी घरगाडीचं दार ओढून घेतलं, चाकांखालचे दोन्ही दगड काढून आडाच्या काठाला लावून ठेवले आणि शिवलीलेला हातानंच खूण केली.

जीप अक्कलकोट रस्त्याला, श्रीशैलच्या दिशेला वळली.